लाल पिंपापाशी टिबुकली

११ एप्रिल, शनिवार
ठरलं! यंदा उद्यानातल्या तळ्यातली पोहण्याची शर्यत लांबची — पाणगवताजवळ दोराने बांधलेल्या तरंगत्या लाल पिंपाला वळसा घालून परत. आजवर नुसती धक्क्यापासून बोटींपर्यंत असायची, आणि दरवर्षी पहिल्या कोण? आमच्या थोरल्या जाऊबाई! सुरुवातीला सुसाट, पण पुढे दम नाही. मला आहे. यंदा कप माझ्या कपाटावर! ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "बाजारात तुरी..."

१३ एप्रिल
पिंपापर्यंत पोहून आले. दम शाबूत. वाटेत पाणसाप आडवा आला — मीच किंचाळले, तो बिचारा निघून गेला. धक्क्यावर जाऊबाई केस बांधत उभ्या. "काय गं, एवढ्या पहाटे? माझी धास्ती घेतलीस वाटतं!" बघाच आता.

१५ एप्रिल
घात झाला! पिंपाच्या दोराला ओल्या पाल्याचा ढीग अडकलेला. वळताना पायात येईल म्हणून काढायला हात घातला — तर खाली अंडी! कोमट! टिबुकलीचं, त्या बुड्या मारणाऱ्या इवल्या पाणपक्ष्याचं, तरंगतं घरटं. उठून जाताना बया अंडी पाल्याने झाकून जाते, म्हणून मला कचरा वाटला. होती तशी झाकली आणि पळाले.
उद्यानाचे रखवालदार, शर्यतही घेणारे आमचे शिट्टीवाले काका, यांना सांगितलं तर ते तिकडे कुणाला फिरकू देणार नाहीत. म्हणजे पुन्हा छोटी शर्यत, पुन्हा जाऊबाई. नाही सांगितलं तर सगळा घोळका घरट्यावरून हातपाय झाडत जाणार.
नाही सांगितलं.

१६ एप्रिल
आजही नाही. पिंपाकडे पोहायलाही गेले नाही.

१७ एप्रिल
सांगून टाकलं! काका खूश — "शाब्बास! मग रविवारी छोटीच घेऊ." म्हटलं, घ्या. माझं नाव मात्र कुठे काढू नका. घरी येऊन ह्यांच्यावर उगाचच डाफरले. संध्याकाळी दोघं दुर्बीण घेऊन गेलो. बसली होती महाराणी ऐटीत! फार बरं वाटलं.

१९ एप्रिल, रविवार
जाऊबाई पहिल्या, मी दुसरी. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकत हळूच म्हणाल्या, "काकांना तूच सांगितलंस ना? अगं, घरटं मलाही दिसलं होतं. पण मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, जिंकायला सांगितलं. म्हणून ठरवलं होतं, आज पिंपापाशी थांबायचं आणि सगळ्यांना लांबून वळवायचं. कशाला तोंड उघडलंस? चांगली जिंकली असतीस!"