प्रॅक्टिकलचा दिवस

बाबा,

मला तुम्ही घरातले फारसे आठवत नाही, मिलमधलेच आठवता. गोंदियाच्या त्या राइस मिलमध्ये तुम्ही मिस्त्री होतात. शाळेला सुट्टी असली की मी आपल्या गावाहून, दवनीवाड्याहून, तुमच्या मोपेडवर मागे बसून यायचे. तुमच्या भुवया कोंड्याने पांढऱ्या झालेल्या असायच्या. आठवीत असताना एकदा धान वर नेणारा पट्टा थांबला होता आणि त्यात बारदान्याची सुतळी अडकलेली दिसली, म्हणून मी हात घातला. तुम्ही माझा दंड धरून असं ओढलंत की मी पोत्यांवर जाऊन पडले. ''मशीनले नाई दिसत तू कोनाची पोरगी आहेस ते,'' तुम्ही म्हणालात. बंद होतं, असं मी रडत म्हटलं. ''कोनं बंद केलं? तू केलं का?'' मी केलं नव्हतं. ''मंग ते बंद नाई.'' एवढंच बोललात. दंडावर चार बोटं उमटली होती. आईने विचारलं तर मी पडले म्हणून सांगितलं.

बारावीनंतर काका म्हणाले, पोरीला शिवणक्लासला टाका. तिला सुई धरता येत नाही, असं तुम्ही त्यांना सरळ सांगितलंत आणि आयटीआयमध्ये माझा इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरलात. वर्गात आम्ही दोघी मुली होतो. त्याच आठवड्यात तुम्ही बाजारातल्या रेडिओवाल्याकडचा वीज मोजायचा जुना मल्टिमीटर आणलात, एका बाजूने चिकटपट्टी लावलेला. संध्याकाळी आई भाकरी थापते आहे, मी चुलीजवळच्या प्लगमध्ये लाल-काळ्या पिना घालते आहे आणि तुम्ही पाटावर बसून विचारता, ''किती?'' मी म्हणते, एकशे सत्तर व्होल्ट. तुम्ही मान हलवता, जणू दोनशे तीसच्या जागी एकशे सत्तर हा फार चांगला आकडा आहे. आई म्हणते, आधी जेवून घ्या.

आयटीआयनंतर काही वर्षं मी गोंदियातल्याच एका कारखान्यात वायरिंग केलं आणि मग पुण्याला रोबोटच्या ट्रेनिंगला गेले. तेव्हा तुम्ही कुणाला विचारत बसला नाहीत. फोनवर मात्र तुम्हीच मला विचारत राहायचात. ''तो मान्सासारखा चालते का?'' मी सांगितलं, चालत नाही, नुसता एक हात असतो, जमिनीला बोल्ट केलेला, त्याला सहा सांधे असतात. ''मंग त्याले समजते कसं, कुठं जायचं ते?'' मी सांगितलं, आपण हातात एक पाटी धरायची, बटणं दाबून त्याला एकेका जागी न्यायचं आणि ती जागा लक्षात ठेवायला लावायची. त्याला शिकवणंच म्हणतात. मग म्हणालात, ''म्हंजे तू मास्तरीन झाली.'' मागे मिल सुरू असल्यामुळे तुम्ही हसलात की नाही ते मला ऐकू आलं नाही.

त्या पाटीच्या मागे एक स्विच असतो. अर्धा दाबून ठेवला तरच रोबोट हलतो. सोडला तर थांबतो, घाबरून घट्ट आवळला तरीही थांबतो. आमच्यातले बरेच जण त्यावरच अडायचे. शेवटच्या प्रॅक्टिकलला तीन तासांत रोबोटला पेट्या उचलून रचायला शिकवायचं होतं. फोन खाली लॉकरमध्ये जमा होते. मी दहाला सुरू केलं. तुम्ही मिलमध्ये छातीत कळ येऊन पडलात, तुम्हाला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, आणि मिलच्या मुनीमजींनी आमच्या सेंटरच्या ऑफिसला फोन केला.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. तुम्ही सकाळी नऊला गेला होतात. आई म्हणाली, सात वाजेपर्यंत शुद्धीवर होते, गाडी कुठवर आली ते विचारत होते. मी ऐकून घेतलं. अंगणात बायका रडत होत्या आणि मी पाण्याच्या मोटरचा आवाज ऐकत होते. बेअरिंग गेलं होतं तिचं. तेराव्यापर्यंत मी ती खोलून नवीन बसवलं. काकांनी सगळ्यांना सांगितलं की पोरगी फार धीराची आहे. मला धीर वगैरे धरावाच लागला नव्हता. काही वाटतच नव्हतं, आणि पुढेही फारसं वाटलं नाही. सर्टिफिकेट टपालाने आलं. नोकरी लागली. आता माझ्या हाताखाली पोरं-पोरी शिकतात आणि चूक झाली की मी त्यांना दंड धरून मागे ओढते. त्यातली एक परवा म्हणाली, मॅडम, दुखतं. मी सॉरी म्हटलं.

आई आता माझ्याजवळ पुण्यात असते. सेंटरच्या ऑफिसात तो फोन घेणाऱ्या बाईला ती अजून शिव्या देते. निरोप वेळेवर दिला असता तर पोरीला बाप भेटला असता, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. निरोप संध्याकाळी मिळाला, हे मीच तिला सांगितलं होतं. हे पत्र तिला वाचून दाखवावं असं दोनदा मनात आलं. दाखवलं नाही.

निरोप अकराला मिळाला होता, बाबा. दुपारची गाडी मिळाली असती. सर म्हणाले, जायचं तर जा, पण पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी. मी म्हटलं, संपवून जाते. दोन तास माझी बोटं त्या स्विचवर होती आणि रोबोट एकदाही थांबला नाही. त्या बाईची काही चूक नव्हती. ती दोन मजले धावत चढून आली होती, दाराशी उभी राहिली तेव्हा तिला बोलायलासुद्धा दम उरला नव्हता.