शिवप्पाच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा

११ सप्टें., गुरु.
लातूरहून जुना दोस्त शिवप्पा माझ्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात आला. परवाना आणि त्याच्या बापाचं जुनं रिव्हॉल्व्हर, दोन्ही एकाच फडक्यात. गोळ्यांची चक्री जाम. भिंगातून बघितलं तर आत नुसता चिकटा.
"हे काय रे अप्पा?"
"तुझ्या वहिनीचं पंचामृत. दर खंडेनवमीला न्हाऊ घालती. दूध, दही, मध, सगळं."
हसून हसून ठसका लागला. "तुला घातलं का कधी इतक्या मायेनं?"
"न्हाई ना! मला नुसतं गरम पाणी."
जाताना म्हणाला, घोड्याचा आवाज एकदा ऐकायचाय. लहानपणी बाप तेल घालून ओढून सोडायचा, तो. अप्पा लई वाळलाय. काय होतंय ते सांगेना.

१५ सप्टें.
रॉकेलमध्ये भिजत घातलं. मुठीच्या पट्ट्या काढल्या, खाली कारखान्याचा शिक्का, अर्धा झिजलेला. जुन्या पुस्तकांतल्या चित्रांशी ताडला. शंभरीच्या वरचं आहे खास. अप्पाला फोन. "म्हंजे माझ्याहून म्हातारं हाय की!"

२२ सप्टें.
घोड्याची स्प्रिंग मोडलेली. नवी घडवली, तीही मोडली. परत घडवली. बसली. चक्री लोण्यासारखी फिरतेय, घोडाही टक् पडतो. फोनवर ऐकवतो म्हटलं तर नको म्हणाला. "समोर ऐकीन. घेऊन ये."

२४ सप्टें.
पहाटे अप्पा गेला. त्याच्या पोराचा, सोमनाथचा फोन. मिळेल त्या बसनं निघालो. माती झाली. लिंगायत रीतीनं बसवलेला होता, डुलकी लागल्यासारखा. काही लिहवत नाही.

६ ऑक्टो.
वहिनींसोबत परवान्याच्या कचेरीत. परवाना अप्पाच्या नावचा. सोमनाथ स्वतःच्या नावावर घ्यायला तयार नाही. "काका, घरात लेकरं हायत." त्याचंही खरंच. पण वहिनींना ते देवघरात पाहिजे. साहेब भला माणूस. म्हणाला, "कायमचं बंद पडलेलं असतं तर शोभेची वस्तू म्हणून बघितलं असतं. हे तर चालू आहे. जमा करा, नाहीतर परवानगी काढून निकामी करून घ्या. दुरुस्त कुणी केलं?"
मी हात वर केला.
बाहेर आल्यावर वहिनी हळूच, "भावजी, माझ्या पूजेनंच बिघडलं होतं का हो?"
"छे! स्प्रिंग मोडली होती." तेही खोटं नाही, पण...

१९ नोव्हें.
परवानगी आली. नळी बुजवायची, घोड्याची गोळीवर आपटणारी टोच कापायची. वहिनी म्हणाल्या, "तुमच्याच हातानं करा. परका नको." त्यांचं म्हणणं, मुकं का होईना, घरात राहील. हो म्हणालो.

२५ नोव्हें., मंगळ.
वहिनींचा फोन येऊन गेला, उचलला नाही. सोमवारी आणतो म्हणालो होतो. करवत अजून खोक्यातच आहे.