वाटाणा आणि वेल्डिंगची परीक्षा

४ फेब्रुवारी
शुक्रवारी नव्या पाइपलाइनसाठी वेल्डिंगची टेस्ट. पास झालो की मेन लाइनवर. नापास झालो तर सासऱ्यांच्या दुकानात गेट-ग्रिल. म्हणजे प्रश्नच नाही. सुपरवायझर तासभर एकच पाढा म्हणत होता: हे स्टील कडक आहे, ओल सहन होत नाही, वेल्डिंगचे रॉड ओव्हनमध्ये गरम, कोरडे ठेवा. मी मान डोलावली. बिचाऱ्याला बोलायला आवडतं.

५ फेब्रुवारी, दुपार
रॉडचा ओव्हन दिवसभर गरम! आणि आख्खी साइट गारढोण डबा खाते! कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही? डबा आत ठेवला. झाकण जरा उघडं, नाहीतर वाफ कोंडते. वाटाण्याची भाजी, कडकडीत. असं डोकं मेन लाइनवरच हवं.

६ फेब्रुवारी
फोरमनने विचारलं, ओव्हनला कांद्याचा वास का येतो? म्हटलं, रॉडची कंपनी बदललीय. निश्चय: उद्यापासून ओव्हनमध्ये डबा बंद.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आज टेस्ट. गार जेवलं की माझा हात थरथरतो. म्हणून फक्त आज.

संध्याकाळ
काय जॉइंट झालाय! दृष्ट काढावी असा. इन्स्पेक्टर म्हणाला, दिसायला छान, पण या स्टीलला तडा मागाहून जातो, सोमवारी मशीन लावून बघू. जळतो मेला. फोटो बायकोला पाठवला, खाली लिहिलं: पास. सासऱ्यांना फोन करून स्पष्ट सांगितलं, गेट-बिट आता तुमचं तुम्ही बघा. फार हलकं वाटलं.

१० फेब्रुवारी
मशीनला आत तडा दिसला. पाइप खराब असणार. मग इन्स्पेक्टरने ओव्हन उघडला. रॉडच्या मागे एक जळका वाटाणा. डब्याच्या वाफेने रॉड ओलावलेत म्हणे, सगळे भंगारात. वाटाणा कुणाचाही असू शकतो, असं मी म्हणालो. सगळे माझ्याच डब्याकडे बघत होते.

बायकोला काय सांगू?

११ फेब्रुवारी
सांगितलं. तिने सरळ वडिलांना फोन लावला. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी
सासऱ्यांचं दुकान. तात्पुरतं. अनुभव म्हणून. भिंतीवर माझ्या जॉइंटचा फोटो, चांगला फ्रेम केलेला. बायकोने पुढे पाठवलेला, शनिवारीच लावला होता त्यांनी. गिऱ्हाइकाने विचारलं, कुणाचं काम? सासरे म्हणाले, जावयाचं, बाहेरून बघा फक्त.

दुपारी घरून डबा आला. वाटाण्याची भाजी. गार.

मुकाट्याने खाल्ली.