दुकानास भेट द्यावी, आहेर आणू नये

ती. काकासाहेब यांस,

सिडकोहून पुंडलिकचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही इकडं बरे आहोत. तिकडं मका घरात आली असेल, वहिनींचे गुडघे पोळ्यापेक्षा हलके असतील आणि तुमचा राग थोडा तरी उतरला असेल, अशी आशा करतो.

पत्र हातानं लिहितोय याचं आश्चर्य वाटू देऊ नका. फोन तुम्ही उचलत नाही, परिवाराच्या ग्रुपमधून ऐन घटस्थापनेला बाहेर पडलात, आणि पिशोरला तुमच्यासमोर येऊन उभं राहायची माझी छाती होत नाही. राहिलं टपालखातं. पत्रिकेत तुमचं नाव का नाही, एवढंच सांगायला बसलोय. पण ते सुरुवातीपासून सांगावं लागेल, कारण काय झालं ते मलाच अजून धड समजलेलं नाही.

तुमच्या बहिणीचं येसर तुम्हाला ठाऊकच आहे. (भाजलेल्या धान्याडाळींचं आणि मसाल्याचं ते पीठ उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी होते आणि घरभर खोकला होतो. तिखट कमी घाल म्हणून मी छत्तीस वर्षं विनवतोय. ती म्हणते, मग ताक प्या.) उन्हाळ्यात आमच्या सायलीनं पुण्यात बसून आईला ऑनलाइन दुकान काढून दिलं, ‘मंजुषा येसर’ नावाचं. दुकान म्हणजे फोनमधलं एक पान. गल्ला नाही, शटर नाही, उदबत्ती लावायला जागा नाही. मंजुषानं मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “घरच्यांनी नावाजलं ते काय नावाजणं नाय. एक तरी अनोळखी माणूस आपल्या मनानं घेऊ द्या. दिवाळीपर्यंत कुणी नाय घेतलं तर दुकान बंद, अन् पुन्हा येसराचं नाव काढायचं नाय.” काकासाहेब, हे ती हसत बोलली असती तर मी काळजी केली नसती. ती जात्याकडं बघत बोलली.

तीन महिने गेले, चिटपाखरू फिरकलं नाही. सायली म्हणाली, “बाबा, अशी हजारो दुकानं आहेत. आपलं उठून दिसलं पाहिजे, लोक आले पाहिजेत.” शेजारचे रामकिसन (वीजमंडळातून निवृत्त, त्यामुळं प्रत्येक विषयात तज्ज्ञ) म्हणाले, उठून दिसायचं तर रोषणाई पाहिजे. मग मी सायलीच्या मागं लागून पानावर तोरण लावलं, दोन बाजूंना केळीचे खांब उभे केले, वर लुकलुकणारे दिवे सोडले आणि पान उघडताच सनई वाजेल अशी व्यवस्था केली. सनईमुळं चितेगावच्या कारखान्यातल्या माझ्या पुतण्याला, विश्वजीतला, साहेबांच्या मीटिंगमधून बाहेर जावं लागलं, असं ऐकतो. सायली म्हणाली, लोक आले तरी थांबत नाहीत. थांबत नाहीत म्हणजे आपण विचारत नसू, असं मला वाटलं, म्हणून पानावर वाफाळत्या चहाचा फोटो टाकून खाली ‘बसा, चहा घेऊन जा’ असं लिहिलं. त्यावर दुकानाच्या आयुष्यातली पहिली चौकशी आली. चहा कितीला, म्हणून.

आता तुम्हीच सांगा, मी औरंगपुऱ्यात तीस वर्षं छापखाना चालवला आणि लग्नपत्रिका छापल्या. माणसं गोळा करायची मला एकच रीत माहीत. मी पत्रिका छापली. वर कुलस्वामिनी प्रसन्न, मध्ये ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमची सुपत्नी चि. सौ. कां. मंजुषा हिचे ऑनलाइन दुकान’ (मसुदा जुनाच होता, चि. सौ. कां. काढायचं राहून गेलं, तेवढ्यावरून ती दोन दिवस लाजली आणि तिसऱ्या दिवशी भडकली), आणि ‘तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार दुकानास भेट द्यावी, ही आग्रहाची विनंती.’ कागदावर दोनशे वाटल्या, फोनवर किती फिरल्या त्याला हिशेब नाही.

आणि काय सांगू, लोक लोटले! पैठणपासून परभणीपर्यंतची माणसं येऊन गेली. सायलीच्या यंत्रावर एका दिवसात सहाशे चौदा पाहुण्यांची नोंद पडली. मी छाती काढून फिरत होतो. शुभेच्छांचा तर खच पडला. नांदा सौख्यभरे असं अकरा जणांनी लिहिलं. पैठणच्या दगडाबाई आत्यांचा फोन आला, “आलते बरं का दुकानात. दारात कुणीबी नव्हतं, पाणीसुदिक इचारलं नाय. पर सजावट लई झ्याक.” विक्री मात्र एका पुडीचीही नाही. सहाशे चौदा माणसं आली, बघितलं, आशीर्वाद दिले आणि गेली. माझं डोकं चालेना. शेवटी मीच आत्यांना विचारलं, येसर का नाही घेतलं? त्या म्हणाल्या, “आरं तूच तर छापलंस, आहेर आणू नये. मंग पैशे कसे देऊ?”

काकासाहेब, ती ओळ मी पत्रिकेच्या तळाशी तीस वर्षं छापत आलो. हातानं आपोआप छापली. लोक सज्जन निघाले, त्यांनी ती पाळली.

मंजुषा भांडली असती तर बरं होतं. काल तिनं येसराचा डबा माळ्यावर चढवला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तर तुमचं नाव. निमंत्रकांच्या यादीत जागा कमी पडली, खालची एक ओळ उडाली आणि नेमकी तुमची उडाली. चूक माझी आहे, पदरात घ्या. वहिनींना नमस्कार.

आपला,
पुंडलिक

ता.क. आता मुख्य काम. येत्या आठवड्यात पिशोरला तुमच्या पत्त्यावर राजकुमार या नावानं एक पार्सल येईल. तो राजकुमार म्हणजे मी आहे. दिवाळी तोंडावर आली, दुसरा उपाय सुचेना. पैसे भरलेले आहेत. तुम्ही फक्त राजकुमार मीच म्हणून सही करायची आणि आमटी खाऊन दुकानाच्या पानावर दोन कौतुकाच्या ओळी टाकायच्या, अनोळखी माणसानं लिहिल्यासारख्या. ऑर्डर आली म्हणून मंजुषानं आज डबा माळ्यावरून खाली काढलाय. तिला यातलं अक्षरही कळता कामा नये.

ता.क. दुसरा. पिशोरचा पिनकोड मला पाठ नाही. पाकिटावर पत्ता मंजुषाच लिहील.

दादा, मी मंजुषा. पाकीट उघडंच दिलं ह्यांनी माझ्याकडं. तुझं नाव जागेमुळं उडालं नाय, मीच काढायला लावलं. नाव असतं तर तू लाजेकाजेनं दहा पुड्या घेतल्या असत्यास, अन् मला ते नको होतं. राजकुमार कोण ते ऑर्डर बघताक्षणी कळलं. पत्ता तुझ्याच घरचा, अन् खाली सूचनेत लिहिलं होतं, तिखट कमी. अख्ख्या मराठवाड्यात येसराला असं म्हणणारा एकच माणूस आहे. पार्सल भरलंय, मुठीनं मिरची जास्त घालून. तू खाऊ नको, भाऊबीजेला घेऊन ये, ह्यांनाच वाढते. आणखी एक, ह्यांना अजून सांगितलं नाय. आज सकाळी अंबडच्या कुणी रूपा म्हणून बाईंची ऑर्डर आली, तीन पुड्यांची. लिहिलंय, पत्रिका फिरत फिरत माझ्यापर्यंत आली, आहेर नको म्हणता तर विकत घेते. आधी मला वाटलं, ह्यांचंच काम. दोनदा वाचलं. खाली सूचनेत लिहिलंय, तिखट जास्त.