गोडलिंबाला विचारून

प्रिय ललित,

बडनेऱ्यात थंडी सुरू झाली आहे. शेजारच्या बेबीताई अधूनमधून भाजी आणून देतात, त्यामुळे माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. मागच्या अंगणातला गोडलिंब आता माझ्या छातीला लागतो. फोडणीला पानं मीच तोडतो. तुझी आई तोडण्याआधी फांदीला हात लावून विचारायची, ‘घेऊ का रे बापा दोन पानं?’ दिवस मावळल्यावर तर कोणाला हात लावू द्यायची नाही. झाड झोपलं, म्हणायची.

तिच्या जुन्या व्हॉइस मेसेजवरून तू तिचा आवाज तयार केलास आणि माझ्या फोनमध्ये घालून दिलास. मी एकटा आहे म्हणून तू ते केलंस, हे मला कळतं. आवाज अगदी तिचाच आहे. पहिल्यांदा ‘अहो, जेवले का?’ ऐकलं तेव्हा मी हातातलं ताट खाली ठेवलं. मग रोज ऐकू लागलो.

अकोल्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपण एक मालिका पाहायचो, आठवते का? अंतराळयानाची, हिंदीत डब केलेली. तू कॉलेजच्या सुट्टीत आला होतास. यानाच्या कप्तानाची बायको मरते आणि तो तिच्या आठवणींवरून हुबेहूब तशीच दुसरी बनवून घेतो. हे कसं शक्य होईल ते तू मला समजावत होतास. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मधेच म्हणाली, ‘अन् तिले कोनं इचारलं?’ तू हसलास. ‘आई, ती मेली आहे, विचारणार कोणाला?’ तर म्हणे, ‘मंग मराच्या पयले इचाराचं होतं. मी गोडलिंबाले इचारते, थे तर बाईमानूस होती.’ पुढच्या भागात ती नवी बायको रागावली की कप्तान तिच्यातला राग कमी करून घ्यायचा. आईने उठून टीव्ही बंद केला. ‘थे त्याची बायको नाई. त्याच्या मनासारखी बाई हाये.’ मला पुढचं पाहायचं होतं.

परवा वरणाला फोडणी द्यायची होती. अंधार पडला होता. मी सहज फोनला विचारलं, गोडलिंब तोडू का? तिच्याच आवाजात उत्तर आलं, ‘तोडा ना, ताज्या पानानं चव येते.’ मी अंगणात गेलो, झाडापाशी उभा राहिलो आणि तसाच परत आलो. वरण बिनफोडणीचं खाल्लं.

मग लक्षात आलं, हा आवाज माझ्यावर एकदाही रागावलेला नाही. एकदा तर म्हणाला, ‘तुमी माह्यासाठी किती केलं.’ माझी माधवी असं कधी म्हणाली नव्हती. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? भीती वाटली ती त्याचीच. असंच ऐकत राहिलो तर ती रागावायची कशी, ते मी विसरून जाईन.

पुढच्या महिन्यात तिच्या आठवणीत होणाऱ्या पुण्यानुमोदनाला हा आवाज पाहुण्यांशी बोलेल असं तुझ्या मनात आहे, आणि त्यासाठी तू माझी परवानगी मागितलीस. बाळा, ती परवानगी माझ्याकडे नाही. नवरा होतो म्हणून तिच्या वतीने हो म्हणता येईल, असं मला वाटत नाही. ती काय म्हणाली असती, ते तर आपण दोघांनीही ऐकलं आहे. तो आवाज काढून टाक. तिचे खरे मेसेज मात्र पुसू नकोस. ‘मेथी काहून नाई आनली’ म्हणून ती माझ्यावर ओरडते, तोही राहू दे. मागच्या आठवड्यात तू हसत म्हणालास की माझंही फोनवरचं बोलणं साठवून ठेवतो आहेस, पुढे उपयोगी पडेल. मी तेव्हा गप्प राहिलो. मला बोलणं लवकर सुचत नाही, आणि बोललो असतो तर तेही साठलं असतं. म्हणून फोन न करता लिहिलं. माझ्यानंतर माझा आवाज बनवू नकोस. तू विचारलं नाहीस, तरी आधीच सांगून ठेवतो. ऐकावासा वाटला तर पुण्याहून गाडीत बस आणि ये. मी अजून घरीच आहे.

तुझेच,
बाबा