आवाज बंद करून पाहिलेल्या शर्यती

९ जून, सोमवार

दिला राजीनामा. अकरा वर्षं अष्टविनायकाच्या बसगाड्या भरल्या — कोण खिडकीपाशी, कुणाला घाटात उलटी होते, कोण कुणाशेजारी बसत नाही. आज साहेबांनी विचारलं, "आता घरी बसणार?" म्हटलं, नाही, स्वतःच्या टूर काढतेय. "कुठल्या?" बाइकच्या रेस बघायला. फक्त बायकांसाठी, आणि तेही एकेकटीनं यायचं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "सुप्रियाताई, तुमची खुर्ची महिनाभर रिकामी ठेवतो."

खालापूर नाक्यावरून घरी आले. ताप आल्यासारखं अंग गरम.

११ जून

भाविकानं विचारलं, "आई, तुला हे रेसचं लागलं कधी?" माझी मुलगी वीस वर्षांची, आणि हा प्रश्न तिनं आज पहिल्यांदा विचारला!

लग्नानंतर आम्ही रसायनीला एका खोलीत राहायचो. राजेश कारखान्यातून रात्रपाळी करून यायचा आणि रविवारी दुपारभर झोपायचा. टीव्ही मी आवाज बंद करूनच लावायचे. चॅनल बदलताना एकदा त्या बाइक दिसल्या. वळणावर इतक्या आडव्या की गुडघा रस्त्याला घासतोय. मला वाटलं, पडला. पडला नाही. तेव्हापासून एक रविवार सोडला नाही. हेल्मेटवरून सगळे ओळखते, पण नावं कशी उच्चारतात ते अजून धड येत नाही. पुढे दोन खोल्या झाल्या, तरी आवाज बंदच राहिला. सवय.

तिला म्हटलं, माझ्यासारख्या अजून असणार. नवरा येत नाही, मैत्रिणींना आवड नाही, म्हणून कधीच न गेलेल्या. त्यांना गर्दी करून न्यायचं नाही. प्रत्येकीनं आपापल्या दारातून निघायचं, फक्त तो रस्ता आधी कुणीतरी चालून बघितलेला हवा.

"म्हणजे तू."

म्हणजे मी. आणि मी आयुष्यात पनवेलच्या पुढे एकटी गेलेली नाही.

२७ जून, शुक्रवार. चेन्नई

ट्रॅक शहरापासून तासाभरावर आहे. जवळ तीन लॉज. पहिल्या दोघांनी माझ्या मागे बघितलं. "और कौन है?" कोणी नाही म्हटल्यावर खोलीच नव्हती. तिसऱ्यानं दिली.

साडेसातला दारावर टकटक. काउंटरवरचाच माणूस. पानी चाहिए? नको. दहा मिनिटांनी परत — एसी ठीक है? तिसऱ्यांदा दार उघडलं नाही. बाहेरूनच म्हणाला, "मैडम, अकेले बोर नहीं होते?" आणि तिथेच उभा राहिला. दाराखालच्या फटीतून त्याचे पाय दिसत होते.

टेबल ओढून दाराला लावलं. चपला घालूनच आडवी झाले.

२८ जून

आवाज.

कुणी सांगितलंच नव्हतं. कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो. पहिली बाइक सरळ रस्त्यावरून गेली आणि मी खाली बसले. शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढे केली. मी रडत होते, त्याला वाटलं ऊन लागलं.

बायकांचं स्वच्छतागृह एकच, किल्ली गार्डकडे. स्टँडला दुपारी बारानंतर सावली नाही. परतीची रिक्षा साडेपाचपर्यंतच. सगळं लिहून घेतलं.

लॉज सकाळीच सोडलं. शहरात एका निवृत्त नर्सबाईंचं गेस्टहाउस सापडलं. दोनदा जाऊन बघितलं. खोलीला आतून दोन कड्या आहेत.

१ जुलै

राजेशनं विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, छान. भाविकाला पण छान. ते लॉज यादीत घेतलेलंच नाही, मग सांगून काय करायचं?

६ जुलै, रविवार

भाविकानं फोनवर टूरच्या जाहिरातीचं पान तयार करून दिलं. दोन दिवस फक्त पुरुषांचे मेसेज. मग आज एक बाई थेट घरीच आल्या. गौराबाई, कुंभिवलीच्या. हायवेला टायर-पंक्चरचं दुकान. नवरा होता तेव्हा दोघं चालवायचे, आता दहा वर्षं एकट्या चालवतात. वय अठ्ठावन्न. हात कोपरापर्यंत काळे.

"मला यायचं हाय. पण मी काय त्या पोरांना बघायला नाय येत. टायर बघायला येते. लोकांचे फुटलेलेच बघत आले मी. न फुटता एवढं पळतात कसे, ते बघू दे एकदा."

माझं पहिलं गिऱ्हाईक. त्या गेल्यावर मी उगाचच घरभर फिरले.

१२ जुलै

अजून दोघी. ललिता कर्जतच्या वरच्या ठाकूरवाडीतली, आश्रमशाळेत शिकवते. रोज बाइकनं चढ चढून शाळेत जाते. फोनवर मोजकंच बोलली. शेवटी तिनंच विचारलं, "तिथं वळणाजवळ बसता येतं का?"

दुसरी संजना, रसायनीला कारखान्याच्या लॅबमध्ये. तिनं नाव दिलं आणि तासाभरात तिच्या भावाचा फोन. एकटी का, राहणार कुठे, जबाबदारी कुणाची. मी म्हटलं, "दादा, मी स्वतः राहून आले. एकदम सुरक्षित. मला काडीचा त्रास झाला नाही."

किती सहज आलं तोंडातून. अकरा वर्षं गिऱ्हाइकांशी बोलल्याचा गुण.

१८ जुलै

पाच झाल्या! पेणच्या बँकेतली एक, बदलापूरची एक. ९ आणि १० ऑगस्टची रेस.

२० जुलै, रविवार

भाविका म्हणाली, "मी पण येते. पण तुझ्याबरोबर नाही. त्यांच्यासारखी. एक दिवस आधी निघते, एकटी."

मी नाही म्हटलं. तिचं बोलून व्हायच्या आतच म्हटलं.

"का?"

तू लहान आहेस. परीक्षा आहे. गाडीत गर्दी असते. एकामागून एक बोलत गेले. ती शांतपणे म्हणाली, "संजनाच्या भावाला तू काय सांगितलंस ते मी ऐकलंय." आणि उठून गेली.

२२ जुलै

घरात बोलणं बंद. राजेश दुपारपाळीला निघताना म्हणाला, "जगाच्या पोरी नेतेस, आपलीच नको?" त्याला मजा वाटतेय. भाजी दोनदा करपली.

२३ जुलै, बुधवार

सांगितलं भाविकाला. टकटक, एसी, दाराखालचे पाय, टेबल. माझा आवाज कापत होता याचंच मला नवल वाटलं. इतके दिवस ते काहीच नव्हतं ना!

वाटलं होतं ती घाबरेल, नको म्हणेल, विषय संपेल.  ती म्हणाली, "हे त्या पाच जणींना सांगितलंस?"

२४ जुलै

नाही सांगितलं. सांगितलं तर कोण येणार? आणि झालं काय असं मोठं? दार तर वाजवलं. हजार ठिकाणी वाजवतात.

हजार ठिकाणी वाजवतात म्हणूनच तर हा धंदा काढला ना मी. घरातल्या घरात किती चालले आज कोण जाणे.

साहेबांचा फोन. खुर्ची अजून रिकामी आहे म्हणाले. विचार करते म्हटलं.

२६ जुलै, शनिवार

पाचही फोन केले. सकाळी नऊला सुरू केलं, मधे चहासुद्धा घेतला नाही. प्रत्येकीला तेच सांगितलं — काय झालं, मी काय लपवलं, आता राहायची सोय कुठे आहे. यायचं नसेल तर नाव काढते.

पेणच्या बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि नाव मागे घेतलं. बदलापूरच्या बाईंनी फोनच ठेवला.

ललिता म्हणाली, "ताई, त्या लॉजचं नाव पाठवा. दुसरी कुणी जायला नको तिथं." माझ्या डोक्यात हे आलंसुद्धा नव्हतं. यादीत नुसती बऱ्या जागांची नावं. जिथं जाऊ नये त्यांची पण हवीत. ती वही आजच सुरू केली.

गौराबाई हसल्या. "मला काय नवीन सांगतेस गं? हायवेला दुकान हाय माझं. पंक्चर काढायला येतात आणि काय काय विचारतात. माझ्या हातात पाना असतो, म्हणून गप पैसे देऊन जातात." मग म्हणाल्या, "तू घाबरलीस का लय?" हो म्हटलं. "मग नीट सांगत जा. घाबरल्याचं सांगायला लाज कसली?"

संजनाचा फोन भावानंच घेतला. सगळं ऐकून म्हणाला, "मग तेव्हा खोटं का बोललात?" म्हटलं, गिऱ्हाईक जाईल म्हणून.  संध्याकाळी संजनाचा स्वतःचा फोन. "दादा नको म्हणतोय. मी येतेय."

तीन उरल्या. साहेबांना फोन करून खुर्ची भरायला सांगितली. 

२७ जुलै

भाविकाला म्हटलं, जा. एक दिवस आधी.

६ ऑगस्ट, बुधवार

गेली. स्टेशनवर सोडायला येऊ नको म्हणाली होती, गेले नाही. खिडकीतून रिक्षा वळेपर्यंत बघितलं. आता दर अर्ध्या तासानं फोन उचलून बघतेय. "जेवले." "झोपतेय." एवढेच मेसेज. संजनाच्या भावाची आठवण आली. तो वाईट माणूस नाही.

९ ऑगस्ट, शनिवार. चेन्नई

ठरलं होतं, आठ वाजता गेटवर. मी सातपासून उभी. सव्वासातला भाविका आली, कालच्या उन्हानं लाल झालेली. मिठी नाही, काही नाही. "आई, इडली खाल्लीस का?" पावणेआठला ललिता, मग संजना. गौराबाईंचा पत्ता नाही. साडेआठ झाले, नऊ झाले. फोन लागेना.  गेस्टहाउसच्या नर्सबाई फोनवर म्हणाल्या, ती तर पाचलाच बाहेर पडली.

सव्वानऊला गौराबाई आतून आल्या. आतून! गार्डशी हातवारे करत कधीच आत गेल्या होत्या आणि टायर बदलणाऱ्या पोरांच्या शेजारी बसल्या होत्या. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नाही. हातात कुणीतरी दिलेला वापरलेल्या रबराचा तुकडा.

"शिवून बघ. गरम हाय अजून."

सगळ्यांनी आळीपाळीनं हात लावला. चिकट होतं, गुळासारखं.

१० ऑगस्ट, रविवार

दुपारच्या रेसमध्ये तिसऱ्या वळणावर एक पोरगा पडला. बाइक लांब घसरत गेली. आम्ही बरोबर तिथंच बसलेलो, ललितानं मागितलेली जागा. लाल झेंडा.  तो उठला, लंगडत कठड्यापर्यंत गेला आणि बसून हेल्मेट काढलं. अठरा-एकोणीसचा असेल. संजना माझा दंड धरून होती, नखं रुतेपर्यंत. मग तिनंच भावाला फोन लावला आणि सगळं सांगत बसली — कसा पडला, कसा उठला. पलीकडून तो प्रश्नावर प्रश्न विचारत होता. शेवटी ती म्हणाली, "अरे, पुढच्या वेळी टीव्हीवर लावते तुला, मग बघ."

भाविका मुद्दाम दोन रांगा मागे बसली होती. परत परत मागे वळून बघायचं नाही म्हणून मी मान ताठ धरून बसले.

१३ ऑगस्ट

परतलो. सगळ्या आपापल्या वाटेनं. ललितानं वाडीतल्या दोघींची नावं पाठवली आहेत. गौराबाईंनी रबराचा तुकडा दुकानात टांगला म्हणे.

एवढं छान झालं, तरी पाय एका जागी ठरत नाही. भाविका आल्यापासून काहीतरी बोलायला येते आणि पाणी पिऊन परत जाते.

१७ ऑगस्ट, रविवार

दुपारी ती स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आई, मी पण तुला एक सांगितलं नाही."

गेल्या वर्षी कर्जतला ज्या ऑफिसात ती कॉम्प्युटरच्या कामाला जायची, त्याचा मालक. राजेशच्या ओळखीचा. एका संध्याकाळी त्यानं दार आतून लावलं आणि तिला धरलं. ती ओरडली, खालच्या दुकानातला माणूस वर आला, म्हणून सुटली. दुसऱ्या दिवशी तिनं काम सोडलं. आळशी म्हणून मी तिला आठवडाभर बोलले होते.

"तेव्हा सांगितलं असतं तर तू कॉलेज बंद केलं असतंस."

केलं असतं.

चेन्नईची खोली मी दोनदा जाऊन बघितली. कर्जतचं ते ऑफिस एकदाही नाही. ओळखीतलं होतं ना.

काय करायचं, ते मी तिलाच विचारलं. म्हणाली, "पोलिसांत तक्रार द्यायची. उद्याच. पण तिथं मी एकटी नाही जाणार."

राजेश आत झोपलाय. उठला की त्याला सांगायचं, दोघींनी मिळून. दाराशी बसून आहोत.