मीराचं आईला पत्र

मंगळवार, १० जानेवारी १९९५

चौथीतली मीरा आज टेबलापाशी आली. “गुर्जी, आईचं उत्तर कावून येत न्हाई?”

कसलं उत्तर? मग आठवलं. दिवाळीनंतर तिची आई ऊसतोडीला गेली, त्याच आठवड्यात मी वर्गाला आईस पत्र लिहायला लावलं होतं. सगळ्यांनी फळ्यावरचं उतरवलं. हिनं एकटीनं स्वतःचं लिहिलं: आजी उठत न्हाई, लवकर ये. मी लाल शाईनं ‘मायना नाही’ लिहिलं, दहात तीन गुण दिले आणि वह्या कपाटात टाकल्या. पोरीला वाटलं, गुर्जींनी पत्र पेटीत टाकलं. दोन महिने वाट बघत बसली.

मायना नाही. वा रे मास्तर.

आणि आज काय सांगितलं तिला? टपाल उशिरा येतं म्हणालो. आजी कशी आहे, ते आजही विचारलं नाही.